तेंदूपानाचा भाव आणि गावाचा हक्क

तेंदूपान, मोहफूल, कोसा आणि बांबू यांच्या आधारावर भंडारा जिल्ह्यातील जंगलालगतची गावे पिढ्यान्‌पिढ्या जगत आली. मात्र कष्ट गावाचे आणि व्यापार दुसऱ्याचा, अशीच या अर्थव्यवस्थेची रचना राहिली. वनहक्क कायद्याने या रचनेत बदल घडवण्याची वाट खुली केली आहे. ती वाट कोणती, शेजारच्या जिल्ह्यांनी ती कशी चोखाळली आणि आंबागडच्या परिसरासारख्या भागात तिच्यावर कोणते अडथळे आहेत, याचा हा आढावा.

तुमसर तालुक्यातील आंबागडचा किल्ला इ.स. १७०० च्या सुमारास उभा राहिला. नागपूर शहर वसवणारा देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद याच्या कारकिर्दीत राजाखान पठाण या त्याच्या अधिकाऱ्याने तो बांधला, असे इतिहास सांगतो. पुढे नागपूरकर भोसल्यांच्या काळात या किल्ल्याचा उपयोग तुरुंग म्हणून करण्यात आला. किल्ला पाहण्यास येणाऱ्यांचे लक्ष साहजिकच बुरुजांकडे आणि तटबंदीकडे जाते. परंतु या टेकड्यांच्या पायथ्याशी राहणाऱ्या माणसांच्या दृष्टीने किल्ल्याभोवतीचे पानझडी जंगल अधिक मोलाचे आहे. ऐन, पळस, मोह, तेंदू, चार ही या भागातील जंगलांची ओळखीची झाडे. धानाचे पीक निघाले की कोरडवाहू शेतकऱ्याच्या आणि भूमिहीन मजुराच्या हाताला फारसे काम उरत नाही. होळीच्या सुमारास मोह गळू लागतो, वैशाखात तेंदूची कोवळी पाने हाताशी येतात आणि पहिला पाऊस पडेपर्यंत जंगलच घराला रोख पैसा पुरवते. त्या पैशातूनच खरिपाचे बियाणे येते, सावकाराचे व्याज फिटते आणि मुलांची वह्या-पुस्तके येतात.

मात्र या पैशाचे प्रमाण वर्षानुवर्षे एकाच गोष्टीवर ठरत आले. जंगलातून माल गोळा करणारा हात कोणाचा, यापेक्षा तो माल विकण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न निर्णायक ठरला.

निस्तार गेला, मजुरी उरली

भंडारा जिल्हा १९५६ पर्यंत मध्य प्रांताचा, म्हणजे नंतरच्या मध्य प्रदेशाचा भाग होता. तेथे मालगुजारीची पद्धत होती. गावातील तलाव, पडीक जमीन आणि गावालगतचे जंगल मालगुजाराच्या ताब्यात असे. मालगुजार काही धर्मात्मा नव्हता. तरीही गावकऱ्यांना जळण, घरबांधणीचे लाकूड, कुंपणाच्या काट्या, चराई आणि रानफळे यांवर परंपरेने हक्क होता. त्यालाच निस्तार म्हणत. या हक्कांची नोंद महसुली दप्तरात होत असे.

१९५० च्या कायद्याने मालगुजारी संपुष्टात आली आणि १९५१ पासून ही जंगले सरकारकडे गेली. जमीनदारशाहीचा अंत म्हणून हा निर्णय योग्यच होता. परंतु त्याबरोबर गावाच्या अंगणातील जंगल वनखात्याच्या नियमांखाली आले. निस्तार कागदावर राहिला. प्रत्यक्षात त्याची जागा परवानगी, पास आणि दंड यांनी घेतली. पुढे १९६९ साली महाराष्ट्राने वनउपजाच्या व्यापाराचे नियमन करणारा कायदा केला आणि तेंदूपानाचा व्यापार शासनाच्या हाती आला. खासगी व्यापाऱ्यांकडून होणारी लूट थांबावी आणि सरकारी तिजोरीत भर पडावी, हे दोन्ही हेतू त्यामागे होते. तेंदू तोडणारे कुटुंब मात्र त्यानंतरही मजूरच राहिले.

१९७४ मध्ये स्थापन झालेल्या वन विकास महामंडळाने मिश्र जंगलांच्या जागी सागवानाची लागवड वाढवली. सागवानाला बाजारात भाव आहे, हे खरे. पण सागाच्या शिस्तबद्ध रांगांत मोह, चार आणि तेंदू यांना पूर्वीसारखी जागा राहत नाही. लाकडाचे उत्पन्न अनेक वर्षांनी आणि सरकारला मिळते. मोहफुलाचे उत्पन्न दरवर्षी आणि थेट घरात येते. १९९२ नंतर संयुक्त वन व्यवस्थापनाच्या समित्या आल्या. त्यांनी गावाला राखणीत सहभागी करून घेतले, तरी मालकीचा प्रश्न त्यांच्या कक्षेबाहेरच राहिला.

पुड्याचे गणित

हा प्रश्न तेंदूपानाच्या व्यवहारातून सर्वांत स्पष्टपणे समजतो. पहाटे अंधारात घरातील बाईमाणसे, पुरुष आणि अनेकदा शाळेला सुटी असलेली मुले जंगलात शिरतात. उन्हाचा तडाखा वाढण्यापूर्वी पाने तोडून घरी परततात. दुपारभर ओसरीवर बसून पाने जुळवली जातात. सत्तर पानांचा एक पुडा आणि एक हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी, हे महाराष्ट्रातील माप. याचा अर्थ एका गोणीसाठी सत्तर हजार पाने हातांनी तोडावी, निवडावी आणि बांधावी लागतात. संध्याकाळी हे पुडे संकलन केंद्रावर, म्हणजे फळीवर नेले जातात. तेथे मोजणी होते, पुडे उन्हात पसरले जातात, उलटवले जातात आणि वाळल्यानंतर पाणी शिंपडून गोण्यांत भरले जातात. हा हंगाम जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा. मध्येच वळवाचा पाऊस आला, तर वाळत घातलेले पान खराब होण्याची भीती असते. याच काळात वाघ, बिबट्या आणि अस्वल यांच्याशी गाठ पडून विदर्भात दरवर्षी माणसे जखमी होतात, काही प्राणांस मुकतात.

या पानाची किंमत दोन भागांत विभागलेली असते. पहिला भाग संकलनाच्या मजुरीचा. दुसरा भाग पानाच्या मालकीचा, ज्याला रॉयल्टी म्हणतात. शासकीय पद्धतीत जंगलाचे घटक पाडून त्यांचा लिलाव होतो. लिलाव घेणारा कंत्राटदार संग्राहकाला शासनाने ठरवलेल्या दराने मजुरी देतो आणि मालकीपोटीची रक्कम शासनाकडे भरतो. त्या रकमेतील काही वाटा पुढे प्रोत्साहनपर मजुरी म्हणून संग्राहकांना देण्याची पद्धत सुरू झाली, ही सुधारणा नक्कीच होती. परंतु हा वाटा किती आणि केव्हा मिळणार, हे गाव ठरवत नव्हते. पान तोडणाऱ्याला लिलावात बोलण्याची जागा नव्हती.

कायद्याने फिरवलेली बाजू

संसदेने २००६ साली अनुसूचित जमाती आणि इतर पारंपरिक वननिवासी यांच्या वनहक्कांना मान्यता देणारा कायदा केला. पूर्वीच्या काळात या समाजांवर ऐतिहासिक अन्याय झाला, अशी कबुलीच या कायद्याच्या प्रस्तावनेत आहे. शहरी वाचकांच्या मनात हा कायदा बहुधा अतिक्रमित जमिनीच्या पट्ट्यांशी जोडलेला असतो. ग्रामीण अर्थकारणाच्या दृष्टीने त्यातील दोन तरतुदी त्याहून महत्त्वाच्या आहेत. पहिली म्हणजे गौण वनउपजावरील मालकी. बांबू, तेंदूपान, मध, लाख, कोसा, औषधी वनस्पती, कंदमुळे हे सारे या व्याख्येत येते. दुसरी तरतूद सामूहिक वनसंपत्तीची. गावाने परंपरेने वापरलेल्या जंगलाचे संरक्षण, पुनरुज्जीवन आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क ग्रामसभेला देण्यात आला. २०१२ च्या सुधारित नियमांनी वाहतुकीचा परवाना देण्याचे कामही ग्रामसभेच्या समितीकडे सोपवले. या परवान्याशिवाय माल जंगलाबाहेर नेता येत नाही, म्हणून विक्रीची खरी किल्ली त्यातच आहे.

ही किल्ली प्रथम गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाने फिरवली. शंभराच्या आतबाहेर घरांच्या या गोंड गावाला २००९ मध्ये सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. परंतु बांबू विकायचा म्हटले, की परवान्याचे घोडे अडत होते. बांबू झाड की गवत, हा वाद देशभर गाजला. तत्कालीन केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश यांनी मार्च २०११ मध्ये राज्यांना पत्र लिहून बांबू गौण वनउपज मानण्यास सांगितले आणि त्याच वर्षी २७ एप्रिलला मेंढ्यात येऊन वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. त्यानंतर गावाच्या खात्यात बांबूचे पैसे थेट जमा होऊ लागले. या यशाला पार्श्वभूमी होती ती देवाजी तोफा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन दशकांहून अधिक काळ चालवलेल्या अभ्यासगटांची आणि सर्वसहमतीने निर्णय घेण्याच्या पद्धतीची. पैसा नंतर आला, ग्रामसभा आधी उभी राहिली.

चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावने २०१२ मध्ये सुमारे एक हजार हेक्टरवर हक्क मिळवला आणि बांबूच्या विक्रीतून गावातच रोजगार उभा केला. याच गावाने तेंदूपान तोडायचे नाही, असेही ठरवले. तेंदूसाठी फांद्या छाटल्या जातात, वणवे लावले जातात आणि अखेर ते पान विडीत जाते, हा त्यामागचा विचार. उत्पन्नाचा एक मार्ग आपण होऊन बंद करण्याचे हे स्वातंत्र्यसुद्धा मालकीतूनच येते. मजुराला ते नसते.

तेंदूच्या बाबतीत वळण आले ते २०१३ मध्ये. गोंदिया आणि गडचिरोली जिल्ह्यांतील शंभराहून अधिक ग्रामसभांनी शासकीय लिलावातून बाहेर पडून एकत्रितपणे आपले पान स्वतः विकले. त्यांनी निविदा काढल्या, व्यापाऱ्यांशी वाटाघाटी केल्या, करार केले, फळीचा हिशेब स्वतः ठेवला. मजुरी आणि रॉयल्टी हे दोन्ही भाग प्रथमच गावाकडे आले.

भंडाऱ्याची वेगळी अडचण

गोंदिया जिल्हा १ मे १९९९ पर्यंत भंडाऱ्याचाच भाग होता. तेव्हा एकेकाळच्या एकाच जिल्ह्यातील गावांनी हे करून दाखवले, असे म्हणता येते. मग आंबागडच्या परिसरातील वाट अवघड का?

याचे एक उत्तर कायद्याच्या भूगोलात आहे. गडचिरोली आणि चंद्रपूर जिल्ह्यांचा काही भाग घटनेच्या पाचव्या अनुसूचीखाली येतो. तेथे पंचायत क्षेत्र विस्तार कायदा, म्हणजे पेसा, १९९६ पासून ग्रामसभेच्या पाठीशी आहे. भंडारा आणि गोंदिया हे जिल्हे अनुसूचित क्षेत्रात नाहीत. त्यामुळे पेसाचा आधार येथे मिळत नाही आणि २००६ चा वनहक्क कायदा हाच एक दरवाजा उरतो. हा दरवाजा अनुसूचित क्षेत्रापुरता मर्यादित नाही, ही गोष्ट अनेक गावांपर्यंत नीट पोहोचलेली नसते.

दुसरे उत्तर गावांच्या घडणीत आहे. मेंढ्यासारखे गाव जवळजवळ एकाच समाजाचे. भंडाऱ्यातील गावांत गोंड, ढिवर, गोवारी, कुणबी, पोवार, बौद्ध असे अनेक समाज शेजारी-शेजारी नांदतात. आदिवासी नसलेल्या वननिवासींना १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचे, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचे वास्तव्य सिद्ध करावे लागते. वैयक्तिक पट्ट्यांच्या दाव्यांत हीच अट अनेकांना आडवी येते. सामूहिक दावा मात्र ग्रामसभा करते आणि त्यासाठी निस्ताराच्या नोंदी पुरावा म्हणून ग्राह्य धरण्याची तरतूद नियमांतच आहे. मालगुजारीच्या काळातील जे दप्तर कालबाह्य म्हणून कपाटात पडून आहे, तेच या जिल्ह्याच्या दृष्टीने मौल्यवान ठरू शकते. गावाच्या सीमेत कोणते जंगल होते, कोणाची गुरे कोठे चरत, जळण कोठून येत असे, याचा लेखी पुरावा त्यात सापडतो. तो शोधून, त्याच्या प्रती काढून, नकाशा तयार करून ग्रामसभेच्या ठरावासह उपविभागीय समितीकडे दावा दाखल करणे, हे काम चिकाटीचे आहे. त्यासाठी गावात चार वाचणारी आणि दप्तरात खेटे घालणारी माणसे लागतात.

भाव पडतो तेव्हा

मालकी मिळाली म्हणजे सारे प्रश्न सुटले, असे मात्र नाही. मालक होणे म्हणजे तोट्याचाही धनी होणे. गडचिरोलीत २०१७ साली तेंदूला विक्रमी भाव मिळाला आणि ग्रामसभांच्या खात्यांत कधी न पाहिलेल्या रकमा आल्या. लगेच पुढल्या वर्षी भाव कोसळले. काही ठिकाणी कंत्राटदारांनी करारातील रकमा थकवल्या. २०१७ मध्येच तेंदूपानावर १८ टक्के वस्तू व सेवा कर लागू झाला आणि नोंदणी, विवरणपत्रे व नोटिसा यांच्याशी ग्रामसभांची गाठ पडली. हा कर सप्टेंबर २०२५ मध्ये ५ टक्क्यांवर आला. मधल्या आठ वर्षांनी एक धडा दिला: करारनाम्यातील अटी, आगाऊ रक्कम, बँकेतील व्यवहार आणि हिशेबनिसाची नेमणूक या गोष्टी जंगलाच्या राखणीइतक्याच महत्त्वाच्या आहेत. एकट्या ग्रामसभेला व्यापारी दाद देत नाही. वीस-पंचवीस ग्रामसभांचा संघ समोर बसला, तर त्याला बोलणी करावी लागतात.

याहून मोठा प्रश्न विडीच्या भवितव्याचा आहे. भंडारा-गोंदिया पट्ट्यात विसाव्या शतकात विडीउद्योग फोफावला, कारण पान येथे होते, हात स्वस्त होते आणि रेल्वे तंबाखू आणून देत होती. हजारो बायकांनी सुपात पान-तंबाखू घेऊन घरी बसून विड्या वळल्या. तंबाखूच्या दुष्परिणामांविषयीची जाणीव वाढत असताना या एका पानावर गावाचे भवितव्य टांगून ठेवणे शहाणपणाचे नाही.

सुदैवाने या जंगलात आणखी बरेच आहे. ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर कोशाच्या अळ्या वाढवण्याचे काम ढिवर समाजातील कुटुंबे पूर्वापार करत आली. उघड्या रानात, पक्षी आणि मुंग्यांपासून अळ्यांची रात्रंदिवस राखण करीत घेतलेले हे पीक. त्या धाग्यापासून मोहाडी तालुक्यातील आंधळगावात आणि परिसरात कोशाचे कापड विणले जाते. करवतीच्या दात्यांसारख्या काठाची करवतकाठी साडी ही पूर्व विदर्भाची ओळख असून तिला भौगोलिक मानांकनही लाभले आहे. या एका साडीत जंगल, अळीपालक, सूत काढणारी बाई आणि विणकर अशी संपूर्ण साखळी एकाच जिल्ह्यात पूर्ण होते. तेंदूच्या बाबतीत जे घडत नाही ते येथे घडू शकते. मूल्यवर्धन गावाजवळच होते. अट एकच, ऐनाची झाडे कोशासाठी राखली गेली पाहिजेत आणि पालकाला दरवर्षी परवानगीसाठी हात जोडावे लागू नयेत.

मोहफुलाचेही तसेच. हंगामात गरजेपोटी व्यापाऱ्याला स्वस्तात दिलेला मोह पावसाळ्यात चढ्या दराने विकला जातो. साठवणुकीची कोरडी जागा आणि दोन-तीन महिने कळ काढता येईल इतकी उचल मिळाली, तर हाच फरक गावात राहील. मोहफुलांच्या संकलनावरील आणि वाहतुकीवरील जुनी बंधने महाराष्ट्राने २०२१ मध्ये सैल केली. केंद्राच्या २०१८ च्या वन धन योजनेत बचत गटांच्या समूहांना प्रक्रिया केंद्रासाठी साहाय्य मिळते. साधने आहेत, ती पेलणारी संघटना हवी.

गावातले गाव

अखेरचा आणि सर्वांत नाजूक प्रश्न गावाच्या आतला आहे. सरकारकडून गावाकडे आलेला पैसा गावात कोणाकडे जातो? रॉयल्टीचा वाटा तोडलेल्या पुड्यांच्या प्रमाणात द्यायचा, की घरटी समान? प्रमाणात दिला तर ज्याच्या घरी हात जास्त त्याला अधिक मिळणार. एकट्या विधवेला, वृद्धाला, अपंगाला काही मिळणार नाही. समान दिला तर कष्ट करणारा नाराज होणार. अनेक ग्रामसभा यातून मधला मार्ग काढतात आणि काही भाग सामूहिक निधीत ठेवतात. बांबूच्या रक्षणासाठी जंगलाचा एक भाग बंद केला, तर गोवाऱ्याची गुरे आणि भूमिहीनाच्या शेळ्या कोठे जाणार, हाही प्रश्न तितकाच खरा. सधन शेतकऱ्याला चराईबंदी परवडते, शेळीवर संसार असलेल्या बाईला परवडत नाही.

कायद्याने याची काही दखल घेतली आहे. वनहक्क समितीत किमान एक तृतीयांश स्त्रिया असाव्यात, ग्रामसभेच्या गणपूर्तीत स्त्रियांची उपस्थिती मोजली जावी, पट्टा पती-पत्नी दोघांच्या नावे असावा, अशा तरतुदी आहेत. व्यवहारात मात्र तेंदूची पाने जुळवते बाई आणि फळीवरच्या कार्डावर नाव असते घरधन्याचे. तेच नाव बँकेत जाते आणि बोनसही त्याच्याच खात्यात पडतो. संग्राहक म्हणून बाईचे स्वतंत्र नाव लागणे ही लहानशी बाब वाटते; पण घरातील पैशावर कोणाचा शब्द चालतो, हे त्या एका नोंदीने बदलते. गावाने सरकारकडे जो न्याय मागितला, तोच गावाने आपल्यातील दुबळ्यांना दिला नाही, तर फक्त मालक बदलला, व्यवस्था तीच राहिली, असे म्हणावे लागेल.

जंगलाची काळजी हाही या हिशेबाचाच भाग आहे. मोह वेचण्यापूर्वी झाडाखालचा पाचोळा जाळणे, तेंदूला नवी पालवी फुटावी म्हणून आग लावणे, या सवयींची किंमत कोवळी रोपटी मोजतात. दुसऱ्याच्या जंगलात लागलेली आग विझवण्यास कोणी धावत नाही. आपल्या नावावर असलेल्या जंगलाची गोष्ट वेगळी. मेंढा-पाचगावचा अनुभव हेच सांगतो, की हक्क मिळाल्यानंतर राखणीच्या पाळ्या लागतात, नियम होतात आणि ते मोडणाऱ्याला गावच जाब विचारते.

आंबागडच्या टेकड्यांवर दर उन्हाळ्यात तेंदूला नवी पालवी येते. त्या पानाचा भाव ठरवण्याच्या बैठकीत पान तोडणारी बाई बसलेली असेल की नाही, यावर या भागातील बदलाची खरी परीक्षा होईल. त्याची सुरुवात निस्ताराच्या जुन्या नोंदी शोधून, गावाच्या चावडीवर त्या सर्वांसमोर मोठ्याने वाचण्यापासून करता येते.